बांधाचं भांडण मिटवायला बसताना

गावच्या तंटामुक्त समितीत मी सहा वर्षं होते. गावातली भांडणं गावातच मिटवायची ही मोहीम 15 ऑगस्ट 2007ला सुरू झाली. आमच्या गावात पहिलं वर्षभर बायांचं काम एवढंच, वहीत सही करायची आणि मागच्या सतरंजीवर बसायचं. पुढं सरकायला मला एका बांधानं शिकवलं. तुम्ही समितीत नव्यानं आला असाल तर त्यातलं कामाचं तेवढं सांगते.

बैठक लगेच बोलावू नका. आधी दोन्ही घरी जा, तेही धारा काढायच्या वेळेला, कारण तेव्हा बाया गोठ्यात असतात आणि पुरुष पारावर. "चूक कोणाची?" असं विचारलंत तर घरच्यांचीच बाजू ऐकू येईल. "बोलणं कधीपासून बंद झालं?" असं विचारा. आमच्याकडं दोन चुलतभाऊ हातभर बांधासाठी कोर्टात निघाले होते. गोठ्यात कळलं की बांध नंतरचा. आधी विहिरीच्या पाण्याची पाळी चुकली होती, आणि त्यावरून एका सुनेला बारशाला बोलावलं नव्हतं. पुरुषांच्या तोंडून हे कधीच आलं नसतं.

बैठक चावडीत घेऊ नका, शाळेच्या पडवीत घ्या. चावडीत सासऱ्यासमोर सून तोंड उघडत नाही. बोलायची पाळीही आधी बायांना द्या. एकदा थोरला बोलून गेला की त्याच्या शब्दाबाहेर कोण जाणार?

कागद मात्र पुरते आणायला लावा: सातबारा, गटाचा नकाशा, मोजणी झाली असेल तर तिची प्रत. नसेल तर भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज करायला लावा. तोवर निवाडा नाही. पावलांनी मोजलेला बांध पुढच्या नांगरटीला पुन्हा सरकतो. बारा वर्षांपासून एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं असेल तर 2023ची सलोखा योजना आहे. अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक 1000 आणि नोंदणी 1000 रुपये. मुदत चालू आहे का ते तलाठ्याला विचारून घ्या. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906च्या कलम 5खाली तहसीलदाराकडं जाता येतं, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. समझोत्याच्या गप्पांत ही मुदत गेली की बसा मग हात चोळत.

सातबारा वाचताना बहिणींची नावं बोट ठेवून मोजा. सासरी गेलेल्या लेकीला कोणी कळवतच नाही, "ती काय, सही देईल," म्हणतात. 2005च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. मी तिथंच फोन लावायचे आणि स्पीकरवर ठेवायचे.

घरात बाईला मारहाण झाल्याची केस आली तर तडजोडीला बसूच नका. सुरुवातीला मीही एका पोरीला "नांद बाई, होईल नीट" म्हणून परत धाडलं. महिन्यात ती दवाखान्यात होती. आता मी सरळ 112ला फोन करते, आणि त्या बाईला घेऊन तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडं जाते, घरात छळ होणाऱ्या बायांसाठी सरकारनं नेमलेला असतो तो.

कागदावर सह्या झाल्या तरी पेरणीआधी एकदा आणि विहिरीची पाळी बदलताना एकदा चक्कर मारा. त्या सुनेला विचारा, शेजारची बोलते का.