टायरचा पिवळा दिवा लागला की आधी काय बघायचं

माझं काम टायरचं. डिस्कवरून टायर उतरवायचे, चढवायचे, बॅलन्सिंग करायचं. आणि रोज कोणी ना कोणी येऊन म्हणतंच, "तो पिवळा दिवा लागलाय, तेवढा घालवून द्या." दिवा घालवायला फारसं काही लागत नाही. पण तो का लागला हे न बघता घालवला, तर गाडीने दिलेली सूचनाच पुसली जाते. म्हणून ही टीपीएमएस नावाची, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा नेमकं काय करते आणि तिच्याकडून काम कसं करून घ्यायचं, ते सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. तो दिवा हवा मोजायचं साधन नाही, तो शेवटचा इशारा आहे. टायर फाटून गाड्या उलटण्याच्या अपघातांनंतर अमेरिकेत २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात ती नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या गाड्यांत आली. अमेरिकी नियमाप्रमाणे हवा ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाली की दिवा लागला पाहिजे, आणि तेवढं ओळखायला यंत्रणेला २० मिनिटांपर्यंत मुभा आहे. युरोपात हा आकडा २० टक्के आहे. आता हिशोब करा. गाडीला ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) सांगितले असतील, तर अमेरिकी नियमाने दिवा लागेपर्यंत टायर पंचविसाच्या आसपास आलेला असू शकतो. मधल्या सात-आठ पीएसआयमध्ये टायरच्या कडा झिजतात, इंधन जास्त जातं, ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, आणि डॅशबोर्ड गप्प असतो. म्हणून दिवा असो वा नसो, महिन्यातून एकदा गेज लावून हवा बघायचीच. एकही पंक्चर नसलेल्या टायरमधूनसुद्धा महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप कमी होते.

आता तुमच्या गाडीत कोणती यंत्रणा आहे ते ओळखा, कारण दोन प्रकार आहेत आणि त्यांचं वागणं अगदी वेगळं आहे. डॅशबोर्डवर चारही चाकांचे वेगवेगळे आकडे दिसत असतील, तर प्रत्येक चाकात व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर आहे. तो आत बसून खरोखर दाब मोजतो आणि रेडिओने गाडीला कळवतो. आकडे दिसत नसतील, नुसता दिवा असेल आणि मेनूमध्ये किंवा बटणावर टायरचा रीसेट असेल, तर बहुतेक वेळा चाकात काहीच नसतं. तिथे एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे सेन्सर चाकं किती वेगाने फिरतात ते बघतात. हवा कमी झालेलं चाक किंचित बसतं, त्याचा घेर कमी होतो, म्हणून तेवढ्याच अंतराला ते बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे घेतं. त्यावरून गाडी अंदाज बांधते. खात्रीसाठी गाडीसोबत आलेलं पुस्तक बघा.

या दुसऱ्या प्रकारात रीसेट म्हणजे काय, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. रीसेट दाबला की गाडी समजते, आत्ता चाकांत जी हवा आहे तीच बरोबर. एका टायरमध्ये २६ असताना रीसेट दाबला, तर तिच्या लेखी २६ हेच योग्य ठरतं, आणि आता तो टायर अजून बराच उतरल्याशिवाय ती तोंड उघडणार नाही. म्हणून क्रम चुकवू नका. आधी गार टायरमध्ये गेजने मोजून चारही चाकांत हवा भरा, मग रीसेट करा, मग थोडा वेळ गाडी चालवा म्हणजे ती नवे आकडे शिकेल. टायर बदलले, पुढचे-मागचे अदलाबदल केले, हवा भरली, या प्रत्येक वेळी रीसेट लागतो. दिवा लागलाय आणि अजून मोजलेलं नाही, अशा वेळी कधीच नाही. याच प्रकाराची आणखी एक मर्यादा म्हणजे चारही टायर सारखेच उतरले, तर तुलना करायला वेगळं असं काही उरत नाही. नव्या गाड्या चाकांच्या कंपनांवरूनही अंदाज घेतात, पण त्या भरवशावर गेज घरी ठेवू नका.

दिवा लागला की तो कसा लागलाय ते नीट बघा. गाडी सुरू केल्यावर सगळे दिवे क्षणभर लागतात तेव्हा हाही लागतो, ते ठीक. लागून तसाच स्थिर राहिला, तर हवा कमी आहे. मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवेचा प्रश्न असेलच असं नाही, यंत्रणेत बिघाड आहे. सेन्सरची बॅटरी संपत आलीय, सेन्सर मोडलाय, किंवा सेन्सर नसलेली स्टेपनी लावलीय. गार सकाळी लुकलुकतो आणि गाडी तापल्यावर ठीक वाटतं, असं वरचेवर झालं तर बॅटरी म्हातारी झालीय असं मी तरी समजतो. ही बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं टिकते आणि सेन्सरमध्ये कायमची बंद केलेली असते, त्यामुळे अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. चारही एकाच वयाचे असतात. एक गेला की बाकीचेही रांगेत आहेत असं धरून चला, आणि नवे टायर बसवताना सगळे एकदम बदला, म्हणजे टायर पुन्हा पुन्हा उतरवावे लागत नाहीत.

चालत्या गाडीत दिवा लागला तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग झटकू नका. वेग कमी करत सुरक्षित जागी बाजूला घ्या. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा चाकाचा थपथप आवाज येत असेल, तर पुढे जाऊच नका. नुसतं बघून टायरवर विश्वास ठेवू नका. आजच्या रेडियल टायरची बाजू हवा भरपूर असतानाही थोडी फुगलेलीच दिसते, आणि ३३ चा टायर कोणता, २५ चा कोणता, हे रोज टायर हाताळणाऱ्या मलाही डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. लाथ मारून तर काहीच कळत नाही.

कमी हवेवर दिवसेंदिवस चाललेला टायर मी डिस्कवरून उतरवतो तेव्हा आत काळी भुकटी सापडते. ओंजळभरसुद्धा निघते. ती टायरच्या आतल्या अंगाची असते. बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला वाकते, तापते, आतल्या आत घासली जाते आणि रबर सुटत जातं. आत हात फिरवला की गोलाकार खरबरीत पट्टा लागतो. बाहेरून हा टायर चांगला दिसतो, नक्षीही शिल्लक असते. पंक्चर काढून पुन्हा लावा असं गिऱ्हाईक म्हणतं, तेव्हा मी ती भुकटी त्यांच्या हातावर ठेवतो आणि नाही म्हणतो. असा टायर वेगात केव्हा फुटेल ते सांगता येत नाही. दिवा वेळेवर पाहिला असता तर एवढ्याशा खिळ्याच्या पंक्चरवर भागलं असतं.

थंडीत पहाटे दिवा लागतो आणि थोडं चालल्यावर विझतो, तेव्हा लोक म्हणतात सेन्सर खोटं बोलतोय. खोटं नाही. ३५ अंश तापमानात ३३ पीएसआय भरलेला टायर १५ अंशांवर आला की आतला दाब सुमारे ३० होतो, एक कणही हवा बाहेर न जाता. आधीच थोडी कमी असलेली हवा यामुळे मर्यादेखाली जाते. चालवल्यावर टायर तापतो, दाब वाढतो, दिवा जातो. पण कमी हवा कमीच राहिली. ऋतू बदलला की चारही चाकं गार असताना मोजून भरा.

गार म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असेल, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटरच चालली असेल. आकडा घ्यायचा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवरून. टायरच्या अंगावर कोरलेला आकडा तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा असतो, तो भरू नका. स्टिकरवर सहसा कमी माणसांसाठी एक आणि भरल्या गाडीसाठी एक असे दोन आकडे असतात, पुढच्या-मागच्या चाकांचे वेगळेही असतात. एककं बघून घ्या: २.३ बार, २३० केपीए आणि ३३ पीएसआय हे जवळपास एकच. लांब चालून आल्यावर आकडा चार-पाचने चढलेला दिसला, तर हवा सोडू नका. सोडली की सकाळी टायर कमी भरतो.

सेन्सर असलेल्या गाडीत हवा भरताना डॅशबोर्डकडे बघत बसण्यात अर्थ नाही. चाक थांबलेलं असताना बरेच सेन्सर बॅटरी वाचवायला झोपतात, आणि चाक फिरायला लागल्यावर थोड्या थोड्या वेळाने आकडा पाठवतात. हातातल्या गेजने भरा, मग काही मिनिटं चालवून बघा. दोन्ही आकड्यांत एखाद्या पीएसआयचा फरक राहिला तर काळजी नको.

व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी लावायचे बाहेरचे सेन्सर जुन्या गाडीला चांगले, आणि त्यांची बॅटरी बदलता येते. पण ते वजन रबरी व्हॉल्व्हवर लटकवू नका, आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या, आणि लावल्यावर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का ते बघा. हवेऐवजी नायट्रोजन भरला तरी गेज लागतंच.

टायर बदलायला द्याल तेव्हा काम सुरू होण्याआधी सांगा की चाकात सेन्सर आहेत. मशीनचं पातं व्हॉल्व्हच्या जागेपासून लांब लावायचं असतं, जवळ लावलं तर सेन्सरचं प्लास्टिक तडकतं. व्हॉल्व्हखालची रबरी वायसर आणि आतली पिन नवी घालायला सांगा. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घातली तर दमटपणाने दोन्ही धातू एकमेकांत गंजून अडकतात, मग पिन निघत नाही आणि कधी व्हॉल्व्हच तुटतो. तिथे निकेलचा मुलामा दिलेलीच हवी. टोपीही प्लास्टिकची लावा, धातूची गंजून चिकटते. पंक्चरसाठी आत द्रव ओतला असेल तर तेही लपवू नका, कारण त्याने सेन्सरचं भोक बुजतं आणि ते लगेच पुसावं लागतं. चाकं अदलाबदल केली असतील तर कोणता सेन्सर आता कोणत्या जागी आहे ते गाडीला शिकवून घ्या. काही गाड्या ते चालता चालता स्वतः ओळखतात, काहींना वेगळं यंत्र लावावं लागतं. ते झालंय का हे दुकानातून निघण्याआधीच विचारा, नाहीतर पुढचं डावं चाक उतरलेलं असताना तुम्ही मागच्या उजव्यात हवा भरत राहाल.