जस्त लाल होत नाही

जुन्या गाड्यांचे मोनोग्राम (गाडीवरची ओतीव धातूची नावं) आणि पट्ट्या दुरुस्त करायला शिकताय म्हणजे कानस, पॉलिश पेपर, बफ (चमक आणायचं कापडी चाक) हे सगळं हाताखालून गेलेलं असणार. त्यावर वेळ घालवत नाही. मला माझी एक चूक सांगायची आहे. ती अजून माझ्या डब्यात पडून आहे आणि डबा उघडला की पोटात गोळा येतो.

शिकायला लागून सहा महिने झाले होते. बॉनेटवरचं नाव, वळणदार जोडअक्षरांत ओतलेलं, दोन अक्षरांमधल्या बारीक मानेत मोडलं होतं. उस्ताद त्या दिवशी नव्हते. माझ्याकडे कमी उष्णतेवर वितळणाऱ्या, धातू सांधायच्या कांड्या होत्या. त्या विकणारे व्हिडिओत फुटकं अ‍ॅल्युमिनियम चुटकीसरशी सांधून दाखवतात, त्याच. त्याआधी मी पितळ झाळलं (तापवून कांडीने सांधलं) होतं, त्यामुळे डोळ्यांना एक सवय लागलेली: तुकडा मंद लाल झाला की मग कांडी टेकवायची. मी गॅसचा टॉर्च धरून लाल होण्याची वाट बघत बसले.

तो लाल झालाच नाही. क्रोमवर एक बारीक सुरकुती उमटली आणि मला काही कळायच्या आत मधल्या अक्षराच्या पोटातून करडा थेंब विटेवर ओघळला, गोळी होऊन थांबला. वरचं क्रोमचं साल मात्र जागच्या जागी. सापाने कात टाकावी तसं अक्षर, आतून पोकळ.

झालं काय ते नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे अडकतात. बहुतेक मोनोग्राम जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, त्यात साधारण ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम. हा धातू ३८० ते ३९० अंश सेल्सिअसच्या घरात वितळतो. धातू डोळ्याला लाल दिसायला लागतो तो ५०० अंशांच्या पुढे. म्हणजे जस्त लाल व्हायच्या कितीतरी आधी पाणी झालेलं असतं. ते रंगाने इशारा देतच नाही. वरच्या मुलाम्यात, क्रोमच्या खाली, तांबं आणि निकेल. तांबं वितळतं १०८५ अंशांना, निकेल १४५५ ला. म्हणून साल उभं राहतं आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. आता त्या कांड्या: त्याही ३८०-३९० च्या आसपासच वितळतात. अ‍ॅल्युमिनियमला ६६० अंश लागतात, तेव्हा त्याच्यावर चुकायला भरपूर जागा असते. जस्तावर कांडी आणि काम एकाच वेळी वितळतं. व्हिडिओवाले खोटं बोलत नाहीत, फक्त धातू सोयीचा घेतात. अशा शॉर्टकटवर माझा राग आहे आणि तो जाणार नाही.

तेव्हा टॉर्च पेटवण्याआधी धातू ओळखा. लोहचुंबक लावा: चिकटला तर क्रोम केलेलं लोखंड किंवा स्टेनलेसचा एखादा प्रकार (हो, पट्ट्यांचं स्टेनलेस बऱ्याचदा चुंबकाला धरतं). नाही चिकटला तर मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कानशीने एक ओरखडा मारा. पिवळा दिसला तर पितळ. पांढुरका आणि हातात हलका असेल तर अ‍ॅल्युमिनियम. करडा आणि वजनदार, तर जस्त. जस्त त्याच आकाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ अडीचपट जड असतं, एकदा हातात घेतलं की विसरत नाही.

गाडी १९३० च्या आधीची असेल तर आणखी एक बघा. तेव्हाच्या ओतकामात शिसं-कथलाची भेसळ राहून जायची आणि अशा जस्ताला आतूनच कीड लागते: तुकडा फुगतो, पाठीवर जाळीदार भेगा पडतात. १९२९ च्या सुमाराला ९९.९९ टक्के शुद्ध जस्ताचे मिश्रधातू आले, मग हा त्रास कमी झाला. कीड लागलेला तुकडा जोडू नका, शेजारी पुन्हा फुटेल. जमेल तेवढा जपून त्याचा साचा घ्या आणि नवा ओता.

मग मोडलेलं जोडायचं कसं? आधी मालकाला विचारा, पुन्हा क्रोम करायचं आहे का. नसेल तर एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा चिकट गोंद. पाच मिनिटांतलं नको. ते उन्हात तापलेल्या बॉनेटवर मऊ पडतं. सावकाश सुकणारं घ्या आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. मागून मानेच्या दोन्ही अंगांना खाच पाडून पितळेची बारीक तार बसवा. सगळा जोर ती घेते. समोरून केसाएवढी रेघ दिसेल. दिसणारच, मालकाला आधीच सांगून टाका.

क्रोम करायचं असेल तर एपॉक्सीला हात लावू नका, कारण त्याच्यावर मुलामा धरत नाही. जुना मुलामा उतरवून, खड्डे साफ करून, आधी अल्कधर्मी द्रावणातून तांब्याचा थर चढवून घ्यायचा (आम्लाच्या द्रावणात उघडं जस्त खाल्लं जातं) आणि त्या तांब्यावर साध्या कथील-शिशाने डाग द्यायचा. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिशाचं डाग द्यायचं मिश्रण १८३ अंशांना वितळतं. म्हणजे हाताशी दोनशे अंशांची ऐसपैस जागा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! मुलामा घरी करू नका. क्रोमच्या द्रावणातलं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, इथे धाडस दाखवायची गरज नाही.

उस्तादांनी तो पोकळ तुकडा बघितला आणि म्हणाले, "माझंही झालंय हे." एवढंच. मला रागच आला. झालंय तर सहा महिन्यांत एकदा तरी बोलायचं होतं! तेव्हापासून माझं मत पक्कं झालं: शिकवणाऱ्याकडे पहिल्या दिवशी चकचकीत कामं बघायला मागू नका, बिघडवलेली मागा. जो म्हणेल "माझं कधी बिघडलं नाही," त्याच्याकडून फक्त बफिंग शिका.

आणि घाबरू नका. सरावाला मोडकी खेळण्यातली ओतीव गाडी घ्या, धातू तोच असतो. पाच-सहा गाड्या वाया घालवा. सातव्या वेळी हात आपोआप मागे येतो. मला तर दहा लागल्या.

पट्ट्यांचं काम त्यामानाने सोपं. स्टेनलेसचा पोचा मागून लाकडावर टेकवून हलक्या हातोडीने काढायचा, वरून कानशीने उंचवटे शोधायचे, मग ४०० नंबरपासून वरचे बारीक पेपर आणि बफ. अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅनोडाइज केलेलं (वर ऑक्साइडचा कडक थर चढवलेलं) असेल तर तो थर आधी कॉस्टिक सोड्याने उतरवावा लागतो, नाहीतर कितीही घासा, चमक येत नाही. सोडा खालचा धातूही खातो, म्हणून मिनिटभरात बाहेर काढून धुवायचं. हातमोजे आणि चष्मा घालूनच.

शेवटी नाव गाडीवर बसवायच्या मागच्या पिना. तुटलेल्या पिनेच्या जागी २.५ मिलिमीटरचं भोक, त्यात एम-३ चे (३ मिलिमीटर स्क्रूचे) आटे आणि पितळेची नवी पिन. जाडी आधी कॅलिपरने मोजा आणि ड्रिलवर चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर समोरून टोक बाहेर येतं. गाडीवर चढवताना मागे रबरी वॉशर घाला आणि नट बोटांनीच फिरवा. माझ्याकडे आलेलं ते नाव मुळात मोडलं होतं, कारण कुणीतरी नट पान्याने आवळला होता. बॉनेटचा पत्रा थोडा बाकदार, नाव सरळ. अर्धा वळसा जास्त आणि मान गेली.

त्या गाडीला दुसरं नाव मिळायला मला आठ महिने लागले. ते बसवताना पाना खोलीतच ठेवला नव्हता.