तुरा म्हणायचं की फुलोरा? कवितेत शब्दाच्या छटा वापरायच्या कशा

कोल्हापूर स्टँडवर रिक्षावाल्याला "महालक्ष्मी मंदिर" म्हणालात की तो तुम्हाला पाहुणा समजतो आणि "अंबाबाईला सोडा की" म्हणालात की गावातला. देऊळ तेच, देवी तीच, भाडंही तेवढंच. पण एका नावात पोथी आणि मंत्र ऐकू येतात आणि दुसऱ्यात घरातली थोरली बाई, जिच्याशी भांडताही येतं. (यातलं खरं नाव कुठलं हा वाद मी इथं काढत नाही, जेवायचं राहून जाईल.) कवी लोक नेमकं हेच वापरतात. शब्दाचा सरळ अर्थ सगळ्यांनाच ठाऊक असतो, पण त्याला जे चिकटलेलं असतं ना, माणसं, वास, सण, जुनी भांडणं, ते कामाला लावायचं.

गोष्ट काही आजची नाही. आपल्या जुन्या काव्यशास्त्रात याला व्यंजना म्हणतात, आणि नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं तर ध्वनी, म्हणजे असा सुचवलेला अर्थ, हाच काव्याचा आत्मा असं ठासून सांगितलंय. पुढं मम्मट नावाच्या काव्यशास्त्रकारानं एक झकास उदाहरण दिलं: "सूर्य मावळला". वाक्य एवढंच. गुराख्याला त्यातनं कळतं गुरं वळवा, दुकानदाराला कळतं माल आवरा, वाट बघत बसलेल्या बाईला कळतं की हा अजून आला नाही. आता हेच वाक्य किरणोत्सवाच्या संध्याकाळी, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या पायापासून वर चढतात त्या दिवशी, अंबाबाईच्या देवळात कुणीतरी म्हणू दे, ढग आलेत, किरणं वरपर्यंत पोचलीच नाहीत, तर "मावळला" या एका शब्दात अख्ख्या गर्दीचा हिरमोड येतो. म्हणून लिहायला बसताना पहिला प्रश्न हा की आपलं ऐकणारं कोण आहे.

मग सुरुवात कशी करायची? आधी सरळ, बाळबोध वाक्य लिहून टाका, लाजायचं नाही. समजा लिहिलं, "कारखान्याची तोड येत नाही, ऊस वाया चाललाय, बाप फार काळजीत आहे." ही बातमी झाली. आता यातला असा एक शब्द किंवा एक वस्तू शोधायची जी एकटीच सगळं सांगेल. उसाच्या बाबतीत ती वस्तू आहे तुरा. परगावच्या माणसाला तुरा म्हणजे फेट्यावरचा, मानाचा, शोभेचा, आणि हायवेवरून जाताना पांढऱ्या तुऱ्यांचं रान दिसतंही भारी, लोक गाडी थांबवून फोटो काढतात. शेतकऱ्याला मात्र तुरा दिसला की पोटात गोळा येतो, कारण तुरा आला की उसाची वाढ थांबली, आता तोड जेवढी लांबेल तेवढं वजन आणि साखरेचा उतारा घटणार, आत दशी पडणार, म्हणजे ऊस आतनं पोकळ होत जाणार. मग ओळ अशी होते:

उसाला तुरा आला
बाप बांधावरनंच माघारी फिरला

काळजी हा शब्द गेला, कारखाना गेला, ऊसतोडीची टोळी आली नाही हेही सांगायची गरज उरली नाही. आणि तुऱ्यातला तो मान, ती शोभा मागं तशीच उभी आहे, त्यामुळं जास्त लागतं. आता "उसाला फुलोरा आला" असं करून बघा. शेतीच्या दृष्टीनं अर्थ तोच, पण फेटा गायब, मान गायब, नुसतं शेतीचं पुस्तक वाचल्यागत वाटतं.

ही अदलाबदल म्हणजे माझ्या मते सगळ्यात कामाची युक्ती आहे, लिहितानाही आणि दुसऱ्याची कविता वाचतानाही. बालकवींची "औदुंबर" घ्या, आठच ओळी, सगळं वर्णन, झरा, टेकडी, पायवाट, काळा डोह, आणि शेवटी "पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर". झाड तेच ठेवा आणि फक्त औदुंबरच्या जागी उंबर म्हणा. उंबर म्हटलं की पिकून पडलेली फळं, आतले किडे, पोरंसोरं. औदुंबर म्हटलं की दत्त, आणि आपल्या भागातल्या माणसाच्या डोळ्यापुढं तर थेट नरसोबाची वाडी, नदीचा घाट, पादुका. मग ते पाण्यात पाय सोडून बसणं साधं राहत नाही, कुणीतरी ध्यानाला बसलंय असं वाटायला लागतं, आणि बालकवींनी तसं कुठं म्हटलेलंही नाही.

दुसरं उदाहरण तर कोल्हापूरकरांना समजावून सांगायलाच नको, इथं २०१९ आणि २०२१ चे दोन्ही महापूर बघितलेत. कुसुमाग्रजांच्या "कणा"मध्ये पुराचं पाणी घरात येतं ते माहेरवाशीण पोरीसारखं. राक्षसासारखं म्हटलं असतं तर आपण चिडलो असतो आणि विषय संपला असता. माहेरवाशिणीवर चिडता येत नाही, ती नाचणारच, आणि जाताना तिला रिकाम्या हातानं पाठवायचं नसतं. घरातलं सगळं गेलं हे त्या एका रिवाजात बसवलंय. म्हणजे छटा नुसत्या शब्दाची नसते, शब्दामागच्या चालीरीतीचीही असते, आणि मला विचाराल तर तीच जास्त टिकते.

शेजारचे शब्दही बघत जा. "तांबडी माती" लिहिलं की तालीम आली, लंगोट आला, "लाल माती" लिहिलं की गाडी कोकणात उतरली. आणि तांबड्या मातीच्या ओळीत "मृत्तिका" किंवा "नभांगण" घुसवलं तर पैलवानाला सूट घातल्यागत दिसतं, मुद्दाम हसवायचं असेल तर गोष्ट वेगळी. चंद्र, गुलाब, मोगरा यांच्याबद्दल काय बोलायचं, वापरून वापरून गुळगुळीत झालेत, वापरायचेच असतील तर वाकडे करून वापरा.

गावाकडचा शब्द घेताना एक भानगड होते. पंचगंगेची, म्हणजे कोल्हापूरच्या नदीची, पुराची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, जुलै-ऑगस्टमध्ये इथलं शाळेतलं पोरगंही हा आकडा सांगतं. तुम्ही कवितेत नुसतं "त्रेचाळीस झालं का?" लिहिलंत तर शिरोळच्या माणसाच्या अंगावर काटा येईल, नागपूरच्याला वाटेल मे महिना चाललाय. म्हणून कविता एकदा इथल्या माणसाला वाचून दाखवायची आणि एकदा बाहेरच्या, त्याला काय कळलं ते विचारायचं, मधे बोलायचं नाही (हे लई अवघड जातं). त्याला काहीच लागलं नसेल तर शब्द बदलू नका, शेजारच्या ओळीत आधार द्या: गल्लीत कुणी झोपलं नाही, गोठ्यातली जनावरं सोडली, एवढं पुरतं. कंसात अर्थ देऊ नका, तळटीप तर अजिबात नको, ज्याला पाहिजे तो फोन करून विचारेल.