तळ्याची फाइल अडते कुठे? पाणथळ नियमांतल्या या चुका टाळा

तळ्यात राडारोडा पडू लागला की निवेदनं जातात, फोटो जातात आणि तरीही कारवाई होत नाही. बहुतेक वेळा घोडं हद्दीपाशी अडतं.

एप्रिल-मेमध्ये पाणी आटलेलं असताना काठ धरून नकाशा काढणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. पाणथळ क्षेत्र (संवर्धन व व्यवस्थापन) नियम, 2017 प्रमाणे कायमस्वरूपी बांधकामाला बंदी असलेलं 50 मीटरचं अंतर सरासरी उच्चतम पूरपातळीपासून मोजायचं असतं, आणि ती पातळी नियम लागू झाल्यापासून मागच्या दहा वर्षांची धरतात. आटलेल्या काठापासून मोजलंत तर संरक्षणाचा पट्टा तळ्याच्या पोटातच संपतो. म्हणून पावसाळा सरताना काठाने चालत जीपीएसवर अक्षांश-रेखांश घ्या, झाडांच्या बुंध्यांवरच्या गाळाच्या रेषेचे फोटो काढा आणि जुन्या उपग्रहचित्रांशी ताडून पाहा. गटनंबर सातबारा आणि गावनकाशाशी जुळलेच पाहिजेत.

तळं कशासाठी बांधलं, हे आधी तपासा. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी किंवा मिठासाठी खास बांधलेले जलसाठे या नियमांत येत नाहीत, आणि समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. अशा तलावात सांडपाणी येत असेल तर 1974 च्या जलप्रदूषण कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जा. अतिक्रमण असेल तर महसूल खात्याकडे.

‘अधिसूचना (तळं पाणथळ म्हणून सरकारने रीतसर जाहीर करणं) नाही, म्हणजे संरक्षण नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. 2.25 हेक्टरांहून मोठ्या 2,01,503 पाणथळ जागांना 2010 च्या नियमांतल्या नियम 4 च्या तत्त्वांनुसार जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने 8 फेब्रुवारी 2017 ला बजावलं आहे. राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहात आपलं तळं शोधा आणि तो उतारा अर्जाला जोडा.

अधिसूचनेसाठी तळ्याची माहिती देणाऱ्या संक्षिप्त दस्तऐवजात प्रभावक्षेत्र (जिथल्या घडामोडींचा तळ्यावर परिणाम होतो तो भोवतालचा भाग) आणि आधीपासूनचे हक्क हमखास सुटतात. भोई समाजाची मासेमारी, गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात घेतलेलं पीक), गुरांचं पाणी हे सगळं लिहा, नाहीतर हरकती गावातूनच येतील. शिवाय अंतिम अधिसूचना काढण्याची 240 दिवसांची मुदत अर्जापासून नव्हे, राज्य पाणथळ प्राधिकरणाच्या शिफारशीपासून सुरू होते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या (पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायमंचाच्या) पुणे खंडपीठात त्याच्या कायद्यातल्या कलम 14 खाली जायचं तर वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने मिळतात; सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस. तहसीलमधल्या अर्जाची पोच जपून ठेवा, पण उत्तराची वाट पाहत बसू नका. त्या अर्जाने ही मुदत थांबत नाही.