नॉनपॅरामेट्रिक चाचण्या वापरताना या चुका टाळा : दहा वावरांचा हिशेब

डिसेंबर-जानेवारी आला की आमच्याकडे कृषी आणि समाजकार्याची पोरं वही, पेनड्राइव्ह घेऊन घरी येतात. वेचणीचा हंगाम आणि थीसिसचा हंगाम एकाच वेळी असतो. बहुतेकांचा प्रश्न एकच : "सर, सॅम्पल लहान आहे, म्हणून नॉनपॅरामेट्रिक लावली. आता उत्तर बरोबर येईल ना?" लहान सॅम्पलला ही चाचणी, म्हणजे आकडे कसे पसरले आहेत याबद्दल फार अटी न घालणारी, चालते, हे खरं आहे. पण ती लावली म्हणून बाकीच्या चुका माफ होत नाहीत. त्या चुका कुठे होतात ते मी दहाच आकड्यांवर दाखवतो.

आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, विषय मात्र आपला आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, काय केलं, ते इथे कुणाला सांगायला नको. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी राहिलेली पऱ्हाटी, ठेवली की अळीला पुढच्या काळातही खायला मिळत राहतं. म्हणून समजा एका विद्यार्थिनीने आधीच्या वर्षी फरदड काढून टाकलेली ५ वावरं आणि फरदड ठेवलेली ५ वावरं घेतली. प्रत्येक वावरातून २० हिरवी बोंडं तोडून फोडली आणि किडकी किती ते मोजलं.

फरदड काढलेली : १, २, २, ३, ४
फरदड ठेवलेली : २, ५, ६, ७, ११

इथे मान-व्हिटनी चाचणी बसते. फ्रँक विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये ही कल्पना मांडली, मान आणि व्हिटनी यांनी १९४७ मध्ये ती पुढे नेली. दहाही आकडे लहानाकडून मोठ्याकडे एका रांगेत लावायचे, प्रत्येकाला रांगेतला क्रमांक द्यायचा आणि एका गटाच्या क्रमांकांची बेरीज करायची. शेवटच्या वावरात ११ च्या जागी १९ किडकी बोंडं निघाली असती तरी त्याचा क्रमांक १०च राहिला असता. एखाद्या बिघडलेल्या वावराने सगळा हिशेब ओढून नेऊ नये, याची सोय या पद्धतीत अशी आहे.

सारख्या आकड्यांचे क्रमांक

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. वरच्या यादीत २ हा आकडा तीनदा आला आहे. त्यांच्या वाट्याला दुसरी, तिसरी आणि चौथी जागा येते, म्हणून तिघांनाही सरासरी ३ हा क्रमांक द्यायचा. एक्सेलमधलं साधं रँक हे सूत्र तसं करत नाही. चढत्या क्रमाने लावलं तर ते तिघांनाही २ देतं.

आता फरक पाहा. योग्य क्रमांकांनी पहिल्या गटाची बेरीज १ + ३ + ३ + ५ + ६ = १८ येते. त्यातून कमीत कमी शक्य बेरीज, म्हणजे १५, वजा केली की यू = ३. एक्सेलच्या क्रमांकांनी बेरीज १६ आणि यू = १. पाच-पाच वावरांसाठी तक्त्यातली मर्यादा २ आहे, यू त्याहून जास्त नसला तर फरक ५ टक्के पातळीवर लक्षणीय धरतात, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून जास्त नसते. म्हणजे चुकीच्या क्रमांकांमुळे "फरक सिद्ध झाला" असं थीसिसमध्ये छापलं जाईल, आणि ते खोटं असेल.

तपासणी सोपी आहे. दोन्ही गटांच्या क्रमांकांची एकूण बेरीज १ ते १० च्या बेरजेइतकी, ५५, यायलाच हवी. इथे १८ + ३७ = ५५. एक्सेलवाली ५२ भरते. एक्सेलमध्येच काम करायचं असेल तर रँक डॉट एव्हीजी हे सूत्र वापरा. आणि किडकी बोंडं मोजायची राहून गेलेल्या वावराच्या रकान्यात ० किंवा ९९९ भरलेलं नाही ना, तेही आधी पाहा. क्रमांक लावताना असा आकडा गुपचूप पहिली किंवा शेवटची जागा घेऊन बसतो.

एकाच पानावर दोन पी-व्हॅल्यू

पी म्हणजे तीच योगायोगाची शक्यता. हेच दहा आकडे एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये घातले की "अॅसिम्प्टॉटिक" पी सुमारे ०.०४५ येतो आणि त्याच्याखाली "एक्झॅक्ट" पी ०.०५६. पोरं पहिला उचलतात, कारण तो ०.०५ च्या आत आहे. पहिला आकडा मोठ्या सॅम्पलसाठीचा अंदाज आहे. दुसरा प्रत्यक्ष मोजणीतून येतो : दहा वावरांतून पाच निवडायचे २५२ प्रकार, त्यांतले १४ आपल्या निकालाइतके किंवा त्याहून टोकाचे, म्हणून १४ भागिले २५२. गटात पाच-सातच वावरं असतील तर एक्झॅक्टच घ्या.

सरासऱ्यांची तुलना करणारी साधी टी-टेस्ट लावली तर याच आकड्यांवर पी ०.०४ येतो. दोन गटांतली विखुरण वेगळी आहे हे धरणारी वेल्चची टी-टेस्ट ०.०५८ देते. म्हणजे मनासारखं उत्तर हवं असेल तर ते देणारी चाचणी सापडतेच. तसं करू नका. चाचणी कोणती लावायची ते बोंडं तोडायच्या आधी, गाईडसमोर, वहीत तारखेसह लिहून ठेवा. "आधी आकडे नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकारात पसरलेले, आहेत का ते तपासू, मग ठरवू" या सवयीवरही माझा भरवसा नाही. पाच आकड्यांवर ती तपासणी जवळजवळ काहीच पकडू शकत नाही, आणि पाचशे आकड्यांवर बिनमहत्त्वाचा फरकही पकडून दाखवते.

शंभर बोंडं म्हणजे शंभर नोंदी नव्हेत

एका पोराने मला मोठ्या उमेदीने सांगितलं होतं, "सर, माझं सॅम्पल लहान नाही, गटात शंभर बोंडं आहेत." पी इतका लहान आला होता की टिंबानंतर नुसती शून्यं. मी चूक दाखवली तेव्हा तो कळवळून म्हणाला, "मग हे चुकलं काहून? मोजली तर मीच होती ना!"

मोजणी त्याची चोख होती. पण एकाच वावरातली २० बोंडं एकाच मातीतली, एकाच पेरणीची, एकाच फवारणीची. फरदड काढायची की ठेवायची हा निर्णय वावराचा होता, बोंडाचा नव्हे. म्हणून त्याच्याकडे गटात ५ नोंदी होत्या. क्रमांकांवर चालणाऱ्या चाचण्या आकड्यांच्या वितरणाबद्दल फार अटी घालत नाहीत, पण नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात ही अट त्यांनाही आहे. एका धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असलेली दोन वावरंसुद्धा पूर्ण स्वतंत्र नसतात, पतंग धुरा ओळखत नाही. जमेल तेवढी लांबची, वेगवेगळ्या शिवारांतली वावरं घ्या. ही चूक नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही, म्हणून मी हिच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवतो.

याचीच दुसरी बाजू जोडीच्या आकड्यांची. त्याच वावरातली फवारणीआधीची आणि नंतरची मोजणी असेल तर मान-व्हिटनी नको, विल्कॉक्सनची साइन्ड रँक चाचणी हवी. तिथे किमान सहा जोड्या लागतात. पाच जोड्यांत पाचही वावरांत किडकी बोंडं कमी झाली तरी दुहेरी (वाढ आणि घट दोन्ही बाजू धरणारा) पी ०.०६२५ च्या खाली जाऊच शकत नाही.

दोनपेक्षा जास्त गट

तीन-चार वेगळे गट असतील तर क्रुस्कल-वॉलिस (१९५२). प्रत्येक वावरात पट्टे पाडून चार वेगवेगळ्या फवारण्या केल्या असतील तर फ्रीडमन चाचणी, १९३७ ची, अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांची. चार गटांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडी ०.०५ वर तपासली तर निदान एकदा खोटा फरक दिसण्याची शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणून डन किंवा होल्मची दुरुस्ती लावा.

निकाल लिहिताना

पी ०.०५६ आला की पोरं लिहितात, "फरदडीचा काहीही परिणाम नाही." हे वाक्य वाचून मला खरंच त्रास होतो, कारण ते उद्या एखाद्या शेतकऱ्याच्या कानावर जाणार असतं. दोन्ही गटांतून एक-एक वावर घेऊन जोड्या लावल्या तर २५ जोड्या होतात. सारख्या आकड्यांच्या जोड्या अर्ध्या धरून त्यांतल्या २२ जोड्यांत फरदडवालं वावर जास्त किडकं आहे, म्हणजे ८८ टक्के. परिणाम नाही असं हे आकडे सांगत नाहीत. पाच-पाच वावरांवर खात्री देता येत नाही, एवढंच ते सांगतात.

"मान-व्हिटनीने मध्यकांतला फरक सिद्ध झाला" हेही लिहू नका (मध्यक म्हणजे रांगेतला मधला आकडा). दोन्ही गटांची विखुरण सारखी असेल तरच तसं म्हणता येतं. इथे एक गट १ ते ४ मध्ये आहे, दुसरा २ ते ११ मध्ये पसरला आहे. मी त्या विद्यार्थिनीला असं लिहायला सांगेन : "फरदड काढलेल्या ५ वावरांत २० बोंडांमागे किडक्या बोंडांचा मध्यक २, फरदड ठेवलेल्या ५ वावरांत ६. यू = ३, एक्झॅक्ट पी = ०.०५६. २५ पैकी २२ जोड्यांत फरदड ठेवलेल्या वावरात प्रादुर्भाव जास्त."

आणि पुढच्या हंगामात गटात दहा-दहा वावरं घ्यायला सांगेन. तेव्हा तक्त्यातली मर्यादा २३ असते, म्हणजे १०० पैकी ७७ जोड्या एका बाजूला झुकल्या तरी निकाल लक्षणीय ठरतो. यंदा पाच-पाच वावरांवर ८८ टक्केही पुरले नाहीत. दहा वावरं वाढवायला दोन दिवसांची पायपीट आणि २०० बोंडं लागतील, आणि ती मोजायला आम्ही दोघं-तिघं बरोबर येऊ.