तिकिटाचे पैसे टेबलावर वसूल करायला जाऊ नका

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला, आपले पोकरचे ॲप बंद पडले, आणि तेव्हापासून ठाण्या-वाशीकडची बरीच पोरं "चल ना, एकदा व्हेगासला लाइव्ह खेळून येऊ" म्हणायला लागलीयेत, म्हणजे तिथल्या कॅसिनोत समोरासमोर बसून. जा की, जरूर जा. हँड रँकिंग, पोझिशन, पॉट ऑड्स तुम्हाला येतंय असं धरूनच लिहितोय.

मला तिथे जो सापळा लागला तो तिकिटाचा, आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. विमानाचं भाडं, व्हिसाची फी, हॉटेल, त्या भाड्यावर वेगळी लागणारी रिसॉर्ट फी, खाणंपिणं, सगळं धरून आकडा लाखांत जातो. आणि आपण मध्यमवर्गीय घरात वाढलेले, एवढा खर्च केलाय तर वसूल झाला पाहिजे हे रक्तातच असतं. मग डोळे मिटायला लागले तरी माणूस टेबलावरून उठत नाही, खराब टेबल बदलत नाही, कारण झोपलो तर तेवढे तास फुकट गेले असं वाटतं.

आता हिशोब करा. मोठ्या पोकर रूममध्ये सगळ्यात लहान नो-लिमिट गेम (हवी तेवढी रक्कम लावता येते तो) साधारण १/३ डॉलरचा असतो, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांना सक्तीने १ आणि ३ डॉलर लावावे लागतात, त्यातली मोठी रक्कम म्हणजे बिग ब्लाइंड. तिथे तासाला ५ बिग ब्लाइंड काढणारा चांगला खेळाडू, म्हणजे तासाला १५ डॉलर. रोज आठ तास, पाच दिवस बसलात तर चाळीस तास, ६०० डॉलर, आपले पन्नास-पंचावन्न हजार. हे सगळं नीट खेळलात आणि पत्त्यांनी साथ दिली तर! त्यातही लाइव्हमध्ये तासाला तीसेक हँड, म्हणजे डाव, होतात, म्हणजे अख्ख्या ट्रिपमध्ये बाराशे, जे ऑनलाइनला चार टेबल लावून एका रात्रीत व्हायचे. बाराशे हँडमध्ये उत्तम खेळणारा पण आरामात हरू शकतो. तिकीट या गेममधून निघूच शकत नाही, आणि जो ते काढायला बसतो तो १/३ सोडून २/५ ला जाऊन बसतो, तिथून पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

नेमकं कसं होतं बघा. कटऑफला, म्हणजे डीलर बटणाच्या एक जागा आधी, तुम्हाला ए-क्यू (एक्का-राणी) आलेत, तुम्ही रेझ करून १५ केले, बिग ब्लाइंडमधल्या टोपीवाल्या आजोबांनी वाढवून ५५ केले. हे आजोबा गेले दोन तास फक्त कॉल करतायत (समोरच्याएवढेच लावतायत), एकदाही री-रेझ (वर आणखी वाढवणं) नाही, आत्ता मात्र पत्ते परत न बघता चिप्स पुढे सरकवल्या आणि कॉफी बाजूला ठेवली. गोव्यात असतात तर एका सेकंदात पत्ते फोल्ड, म्हणजे टाकून मोकळे. इथे मात्र डोक्यात येतं, परवा फ्लाइट आहे आणि मी अजून ४०० डॉलर खाली आहे. या विचाराचा त्या हँडशी काडीचाही संबंध नाही, पण हात कॉलच्या चिप्स मोजायला लागलेला असतो.

म्हणून तिकीट ज्या दिवशी बुक कराल त्याच दिवशी तो खर्च फिरण्याच्या खात्यात टाका आणि संपला विषय. पोकरचे पैसे वेगळ्या पाकिटात, मी तरी पाच बाय-इनच्या (एका वेळी टेबलावर घेऊन बसायची रक्कम) खाली जाणार नाही, आणि दिवसाला दोन गेले की उठायचं. घरच्या पैशाला, ईएमआयच्या पैशाला, उसन्या पैशाला हात लावणार असाल तर जाऊच नका, हे स्पष्ट सांगतो.

पहिल्यांदाच लाइव्ह खेळणार असाल तर थेट अमेरिका गाठू नका. ठाण्याहून रात्री कोकणकन्या पकडा, करमळीला उतरा, मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर दोन रात्री बसून चिप्स हाताळायची सवय करा. सोसायटीत सराव करायचा तर बिनपैशाचा करा, आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, उगाच वकिलाचा खर्च नको. आणि ते टेलिग्रामवर "लाइव्ह टेल्स"चा (समोरच्याच्या हावभावांवरून पत्ते ओळखण्याचा) कोर्स विकणारे, त्यांच्या नादी लागू नका. माझ्या मते गुरू तोच जो आधी तुमच्या सेशनच्या हिशोबाची वही मागतो. स्क्रीनशॉट दाखवणारा गुरू नव्हे.

जेटलॅगला घाबरू नका, पण समजून घ्या. उन्हाळ्यात व्हेगास आपल्या साडेबारा तास मागे असतं, म्हणजे तिथले रात्रीचे नऊ ही ठाण्यातली सकाळची साडेनऊ. सुरुवातीचे दिवस रात्री तुम्ही ताजे असता आणि दुपारी तीनला शरीर पहाटेच्या साडेतीनमध्ये असतं. दुपारी झोपा, रात्री खेळा.

टेबलावरचे नियम पटकन सांगतो. एकच मोठी चिप न बोलता टाकलीत तर तो कॉल धरतात, म्हणून आधी तोंडाने "रेझ" म्हणा. चिप्स एकाच हालचालीत पुढे करा. पत्त्यांवर एक चिप ठेवा, नाहीतर डीलर चुकून ओढून घेतो. हँड चालू असताना फक्त इंग्रजी, तुमचा मित्र त्याच टेबलावर असेल तर "काय रे, काय करू?" चालत नाही, लगेच समज मिळते. पॉट जिंकलात की डीलरला एक डॉलर. आणि बसतानाच डीलरला सांगा की नवीन आहे, ते खरंच सांभाळून घेतात, कोणी हसत नाही.

ओरिजिनल पासपोर्ट जवळ ठेवा, वय २१ पूर्ण लागतं. टूर्नामेंटमध्ये मोठी रक्कम जिंकलात तर ३० टक्के कर तिथेच कापतात, काही देशांना करारामुळे सूट आहे, भारताला नाही. त्याचा १०४२-एस फॉर्म (कापलेल्या कराचा दाखला) मागून घ्या, रिटर्न भरताना सीएला लागेल. आणि येताना ५,००० डॉलरच्या वर नोटा जवळ असतील तर मुंबईत उतरल्यावर कस्टमच्या फॉर्मवर लिहून द्या.