ताडोबात वाघ शोधताना आधी कान द्यावा

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे 1955 साली घोषित झालेले महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान असून तेथील सफारीत बहुतेक पर्यटक एका पाणवठ्यावरून दुसऱ्याकडे धावण्यातच वेळ घालवतात. त्याऐवजी वाटाड्याला विनंती करून जिप्सी थांबवावी, इंजिन बंद करायला सांगावे आणि दहा मिनिटे काहीही न बोलता ऐकत राहावे. वाघ किंवा बिबट्या हलू लागला की चितळ, सांबर आणि झाडावरचे वानर धोक्याचा आवाज काढतात. वाटाडे त्याला ‘कॉल’ म्हणतात. चितळ पुष्कळदा उगाच बिचकते, म्हणून त्याच्या एखाद्या हाकेवर गाडी पळवू नये; सांबर मात्र सहसा शिकारी प्राणी दिसल्याशिवाय किंवा त्याचा वास आल्याशिवाय ओरडत नाही, त्यामुळे त्याचा खणखणीत आवाज पुन्हा पुन्हा आला तर तेथेच थांबणे श्रेयस्कर. वानर ज्या दिशेला टक लावून पाहत असेल, तिकडे दुर्बीण वळवावी. भडक कपडे आणि अत्तर टाळावे. मंगळवारी गाभा क्षेत्र, म्हणजे जंगलाचा आतला ‘कोअर’ भाग, बंद असते, हे आरक्षणापूर्वी ध्यानात घ्यावे.